अंधारातील छायाचित्रण आणि कॅमेऱ्यांची स्पर्धा : निकॉन, कॅनन की सोनी?

शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत धोंड निखाऱ्यांवरून जातात, तेव्हा छायाचित्रकाराच्या वाट्याला येणारा उजेड त्या निखाऱ्यांचा आणि आसपासच्या मोजक्या दिव्यांचा असतो. दिवजोत्सवात सुवासिनींच्या चेहऱ्यावर पडणारा प्रकाश त्यांच्या हातातील दिवजांपुरताच. दशावतारी काल्याच्या रंगमंचावर रात्री दोनच्या सुमारास राक्षसाचा प्रवेश होतो, तेव्हा पात्र क्षणभरही स्थिर नसते. अशा ठिकाणी फ्लॅश मारणे म्हणजे प्रसंगाचे सारे वातावरण पुसून टाकणे. देवळाच्या गाभाऱ्यात तर त्याला मनाईच असते. मिळेल त्या उजेडात, हलणाऱ्या माणसाचे स्वच्छ चित्र घेणे हीच कॅमेऱ्याची खरी परीक्षा होय.

या परीक्षेत निकॉन, कॅनन आणि सोनी यांपैकी कोण सरस, हा प्रश्न व्यावसायिक छायाचित्रकारांत गेली दोन दशके वादाचा ठरला आहे. प्रश्न केवळ अभिमानाचा नाही. एकदा एका कंपनीचा कॅमेरा घेतला की लेन्सही त्याच माउंटच्या घ्याव्या लागतात आणि काही लाख रुपयांची गुंतवणूक त्या कंपनीशी बांधली जाते. म्हणून हा वाद कसा उभा राहिला, त्यात खरे किती आणि जाहिरातीचे किती, हे नीट पाहणे उपयुक्त ठरेल.

नॉइज येतो कोठून?

अंधारात घेतलेल्या चित्रात दिसणारी रवाळ खडी, रंगीत ठिपके यांना छायाचित्रकार ‘नॉइज’ म्हणतात. तो सेन्सरच्या दोषामुळेच येतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याचा मोठा भाग प्रकाशाच्या स्वभावातूनच येतो. प्रकाश कणाकणाने येतो आणि हे कण पावसाच्या थेंबांसारखे अनियमितपणे पडतात. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० कण पडत असतील तर त्यातील चढउतार त्या संख्येच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे १०० कणांचा असतो. हे प्रमाण अवघे एक टक्का. तेच कण १०० असतील तर चढउतार १० कणांचा, म्हणजे दहा टक्के होतो. प्रकाश शंभरपट घटला की नॉइजचे प्रमाण दहापट वाढते. कोणत्याही कंपनीचा सेन्सर हा नियम मोडू शकत नाही.

याशिवाय सेन्सरमधील विद्युतभार मोजताना मापनयंत्रणेची स्वतःची थोडी चूक मिसळते. तिला वाचनातील नॉइज म्हणता येईल. अभियंत्यांच्या हाती असते ते मुख्यतः एवढेच: आलेल्या कणांपैकी जास्तीत जास्त मोजणे आणि मोजताना होणारी चूक कमीत कमी ठेवणे.

आयएसओ हा आकडाही येथेच समजून घ्यावा. आयएसओ वाढवल्याने सेन्सर अधिक प्रकाश गोळा करत नाही. मिळालेला क्षीण संकेत अधिक प्रमाणात मोठा करून दाखवला जातो. चित्र उजळ होते, पण गोळा झालेले कण तेवढेच राहतात. छायाचित्रकारांच्या भाषेत प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे म्हणजे एक ‘स्टॉप’. आयएसओ १६०० वरून ६४०० वर जाणे म्हणजे दोन स्टॉप. पुढील सर्व तुलना याच मापाने करू.

२००७ : एकाच आठवड्यातील दोन घोषणा

डिजिटल युगाच्या पहिल्या टप्प्यात कॅननची आघाडी स्पष्ट होती. निकॉनचा डी-१ हा १९९९ साली आला. त्यात पावणेतीन मेगापिक्सेलच्या आसपासचा सेन्सर होता आणि आयएसओची मर्यादा १६०० होती. कॅननने २००० सालच्या ईओएस डी-३० पासून स्वतः बनवलेले सीमॉस सेन्सर वापरायला सुरुवात केली आणि २००२ साली ईओएस-१डीएस या कॅमेऱ्यात ३५ मिलीमीटर फिल्मच्या आकाराचा, म्हणजे ‘फुलफ्रेम’ सेन्सर दिला. २००५ साली आलेल्या ईओएस ५-डी मुळे फुलफ्रेम सेन्सर विवाहसमारंभाच्या छायाचित्रकारांपर्यंत पोहोचला. या सर्व काळात निकॉनचे डिजिटल एसएलआर लहान, एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवरच चालत होते.

चित्र बदलले ते ऑगस्ट २००७ मध्ये. २० ऑगस्टला कॅननने २१.१ मेगापिक्सेलचा ईओएस-१डीएस मार्क ३ जाहीर केला. तीनच दिवसांनी, २३ ऑगस्टला, निकॉनने डी-३ जाहीर केला. तो निकॉनचा पहिला फुलफ्रेम डिजिटल एसएलआर. त्यात अवघे १२.१ मेगापिक्सेल होते, पण आयएसओची नियमित मर्यादा ६४०० पर्यंत होती आणि गरज पडल्यास ती २५,६०० पर्यंत ताणता येत होती. कॅननच्या नव्या कॅमेऱ्याची नियमित मर्यादा १६०० होती. ती ३२०० पर्यंत ताणता येत असे. त्याच वर्षी क्रीडा छायाचित्रणासाठी आलेल्या ईओएस-१डी मार्क ३ ची नियमित मर्यादा ३२०० होती.

वृत्तपत्रांच्या आणि क्रीडाक्षेत्रातील छायाचित्रकारांना २१ मेगापिक्सेलची गरज नव्हती. त्यांना रात्रीच्या सामन्यात १/१००० सेकंदाचा शटर हवा होता. मैदानाच्या कडेला कॅननच्या पांढऱ्या लेन्सचे जे एकछत्री राज्य होते, त्याला डी-३ ने प्रथमच गंभीर आव्हान दिले. पुढल्या वर्षी तोच सेन्सर डी-७०० या आटोपशीर कॅमेऱ्यात आला आणि रात्रीच्या उजेडात काम करणाऱ्या अनेकांना परवडणारा पर्याय मिळाला.

मात्र येथेच आकड्यांचा पहिला धडा मिळतो. नियमित आयएसओच्या मर्यादेवरून पाहिले तर डी-३ हा १डीएस मार्क ३ पेक्षा दोन स्टॉप पुढे दिसतो. फ्रान्समधील डीएक्सओ या संस्थेने प्रयोगशाळेत दोन्ही सेन्सर मोजले. चित्राचा दर्जा ठरावीक पातळीवर टिकेल असा सर्वांत वरचा आयएसओ त्यांनी डी-३ साठी २२९० आणि १डीएस मार्क ३ साठी १६६३ असा काढला. म्हणजे प्रत्यक्ष अंतर अर्ध्या स्टॉपच्या आसपासच होते. उरलेले अंतर कंपन्यांच्या धोरणाचे होते. निकॉनने आपल्या सेन्सरला अधिक पुढे जाऊ दिले. कॅननने आपल्या स्टुडिओसाठीच्या कॅमेऱ्याला मर्यादेत ठेवले.

स्पर्धेचा वेग आणि विसावा

कॅननचे उत्तर २००८ साली आले. ईओएस ५-डी मार्क २ मध्ये २१.१ मेगापिक्सेल होते, नियमित आयएसओ ६४०० पर्यंत होता आणि फुल एचडी चित्रीकरणाची सोय होती. कमी प्रकाशात मोठ्या सेन्सरवर चित्रफीत घेता येऊ लागल्यामुळे लघुपट आणि माहितीपट करणाऱ्यांना हा कॅमेरा वरदान ठरला. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये निकॉनचा डी-३एस आणि कॅननचा १डी मार्क ४ एकापाठोपाठ आले. दोहोंची नियमित मर्यादा १२,८०० आणि ताणलेली मर्यादा १,०२,४००. २०११ साली जाहीर झालेल्या कॅननच्या १डी-एक्स ने नियमित मर्यादा ५१,२०० वर नेली. २०१६ साली निकॉनच्या डी-५ ने नियमित १,०२,४०० आणि ताणलेली ३२,८०,००० अशी संख्या छापली.

सोनी या स्पर्धेत उशिरा आली. २००६ साली कोनिका मिनोल्टाचा कॅमेरा व्यवसाय तिने घेतला आणि २०१३ साली ए-७ मालिकेतून आरसा नसलेले फुलफ्रेम कॅमेरे आणले. २०१४ चा ए-७एस हा खास अंधारासाठी रचलेला होता. त्यात मुद्दाम १२.२ मेगापिक्सेलच ठेवले होते, तर नियमित आयएसओ १,०२,४०० पर्यंत आणि ताणलेला ४,०९,६०० पर्यंत जात होता. चंद्रप्रकाशातही रंगीत चित्रफीत घेता येते, हे पाहून चित्रीकरण क्षेत्र थक्क झाले.

आता याच कॅमेऱ्यांची डीएक्सओची मोजणी पाहू. डी-३ : २२९०. डी-३एस : ३२५३. ए-७एस : ३७०२. डी-३ पासून डी-३एस पर्यंत दोन वर्षांत सुमारे अर्ध्या स्टॉपची प्रगती झाली. डी-३एस पासून ए-७एस पर्यंत पुढच्या साडेचार वर्षांत मात्र ती एक पंचमांश स्टॉपपेक्षाही कमी होती. छापील आयएसओ याच काळात तीन स्टॉप वाढला.

प्रगती मंदावण्याचे कारण वर सांगितलेल्या नियमात आहे. आजचे सेन्सर रंगीत फिल्टरमधून आत आलेल्या प्रकाशकणांपैकी निम्म्याहून अधिक मोजतात. उद्या एखादा सेन्सर प्रत्येक कण मोजू लागला तरी सुधारणा एका स्टॉपपेक्षा कमीच राहील. भांडे जवळजवळ भरत आले आहे.

मोठे पिक्सेल की मोठा सेन्सर?

कमी मेगापिक्सेल म्हणजे अंधारात चांगले, हा समज डी-३ आणि ए-७एस यांमुळे दृढ झाला. डी-३ च्या पिक्सेलची रुंदी सुमारे ८.४५ मायक्रॉन, १डीएस मार्क ३ ची ६.४ मायक्रॉन. मोठ्या पिक्सेलमध्ये अधिक कण मावतात, त्यामुळे संगणकाच्या पडद्यावर चित्र शंभर टक्के मोठे करून पाहिले तर डी-३ चे चित्र अधिक स्वच्छ दिसणारच.

पण चित्र वृत्तपत्रात छापले जाते किंवा मोबाइलवर पाहिले जाते तेव्हा ते ठरावीक आकारात येते. अंगणात पावसाचे पाणी धरायचे असेल तर दहा मोठी भांडी ठेवा किंवा तेवढीच जागा व्यापणारी चाळीस लहान. गोळा होणारे पाणी सारखेच. ४५ मेगापिक्सेलचे चित्र १२ मेगापिक्सेलइतके लहान केले की शेजारचे पिक्सेल एकत्र येऊन नॉइज बराच निवतो. फरक उरतो तो प्रत्येक पिक्सेल वाचताना होणाऱ्या चुकीचा, आणि तो अत्यंत वरच्या आयएसओवरच जाणवतो. ए-७एस चा खरा लाभ चित्रफितीत होता. कमी पिक्सेल असल्याने संपूर्ण सेन्सर वेगाने वाचता येत होता, ओळी गाळाव्या लागत नव्हत्या.

सेन्सरच्या एकूण क्षेत्रफळाचा परिणाम मात्र थेट असतो. फुलफ्रेमचे क्षेत्रफळ ३६ गुणिले २४, म्हणजे ८६४ चौरस मिलीमीटर. निकॉन व सोनीच्या एपीएस-सी सेन्सरचे सुमारे ३७०, कॅननच्या एपीएस-सी चे त्याहून थोडे कमी, सुमारे ३३०. मायक्रो फोर थर्ड्स पद्धतीचे सुमारे २२५. म्हणजे फुलफ्रेम आणि एपीएस-सी यांत एका स्टॉपहून थोडे अधिक अंतर आहे, तर फुलफ्रेम आणि मायक्रो फोर थर्ड्स यांत जवळजवळ दोन स्टॉपचे. एकाच पिढीतील दोन नामांकित कंपन्यांच्या फुलफ्रेम कॅमेऱ्यांत इतके अंतर क्वचितच आढळते.

छापील मर्यादेचा फसवेपणा

कंपनी आयएसओचा आकडा कसा ठरवते, यालाही मोकळीक आहे. आयएसओ १२२३२ या मानकाच्या २००६ च्या आवृत्तीनुसार उत्पादकाला आपल्या मते योग्य उजळपणा देणारा आकडा ‘शिफारस केलेला’ म्हणून छापता येतो. परिणामी एका कॅमेऱ्याचा ६४०० आणि दुसऱ्याचा ६४०० अगदी सारखे असतीलच असे नाही. शटर आणि अॅपर्चर सारखे ठेवून दोन्ही चित्रांचा उजळपणा ताडून पाहिल्याशिवाय तुलना अपुरी राहते.

ताणलेल्या मर्यादेबद्दल तर अधिक सावध असावे. डी-५ च्या ३२,८०,००० वर मिळणारी प्रतिमा काय घडले ते ओळखण्यापुरती उपयोगी, छपाईसाठी नव्हे. मेमरी कार्डावर उमटणाऱ्या तयार जेपेग चित्रांत कॅमेरा स्वतःच नॉइज पुसतो, आणि ही पुसण्याची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी असते. एकाचे चित्र गुळगुळीत पण त्वचेचा पोत हरवलेले, दुसऱ्याचे रवाळ पण तपशील राखलेले. खरी तुलना रॉ फाइलवरच करावी.

अंधारात फोकस

स्वच्छ सेन्सर असूनही फोकस चुकला तर सारे व्यर्थ. कॅमेऱ्याला किती अंधारात फोकस साधता येतो हे ‘ईव्ही’ या मापात सांगितले जाते. आकडा जितका शून्याखाली तितका अंधार अधिक. डी-३ च्या काळात उणे १ ईव्ही ही चांगली मर्यादा मानली जाई. डी-५ ने मधल्या बिंदूवर ती उणे ४ पर्यंत नेली. आरसा नसलेले कॅमेरे फोकससाठी थेट मुख्य सेन्सर वापरत असल्याने त्याही पुढे गेले आहेत. कॅननचा आर-३ उणे ७.५, निकॉनचा झेड-९ उणे ६.५, तर सोनीचा ए-७एस ३ उणे ६, असे कंपन्यांचे दावे आहेत.

वरवर पाहता कॅननची आघाडी दीड स्टॉपची दिसते. पण कॅनन आणि निकॉन यांचे आकडे एफ/१.२ लेन्स गृहीत धरून दिलेले आहेत, सोनीचा आकडा एफ/२ लेन्स धरून. एफ/१.२ मधून एफ/२ पेक्षा जवळजवळ पावणेतीन पट प्रकाश आत येतो, म्हणजे सुमारे दीड स्टॉप अधिक. हिशेब समान पातळीवर आणला की कॅनन आणि सोनी यांतील अंतर जवळपास नाहीसे होते. छापील तक्त्यातील बारीक अक्षरांतली तळटीप वाचण्याची सवय येथे उपयोगी पडते.

एलईडी दिवे आणि शटर

जत्रेतील आणि शिगमोत्सवातील रोषणाई आता बहुतांशी एलईडीची असते. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात; रंगमंचावरील एलईडी त्याहूनही वेगाने लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतो. वाचन संथ असेल तर चित्रावर काळे-उजळ आडवे पट्टे उमटतात.

आवाज होऊ नये म्हणून कीर्तनात किंवा मैफलीत इलेक्ट्रॉनिक शटर वापरणाऱ्यांना हा अनुभव येतो. यावर उपाय म्हणजे स्तररचित सेन्सर. सोनीने २०१७ साली ए-९ मध्ये तो आणला. निकॉनच्या झेड-९ ने २०२१ साली यांत्रिक शटर पूर्णपणे वगळण्याइतका विश्वास त्यावर टाकला. कॅननने त्याच वर्षी आर-३ मध्ये तो दिला. सोनीचा ए-९ ३ याहून पुढे जाऊन संपूर्ण सेन्सर एकाच क्षणी वाचतो, त्यामुळे पट्टे आणि वाकड्या रेषा यांचा प्रश्न बराचसा मिटतो.

या सोयीची किंमत प्रकाशात मोजावी लागते. एकाच क्षणी वाचण्यासाठी प्रत्येक पिक्सेलमध्ये माहिती साठवण्याची जागा लागते. त्यामुळे ए-९ ३ चा आयएसओ २५० पासून सुरू होतो आणि नियमित मर्यादा २५,६०० वरच थांबते. वेग हवा की अंधारातील शेवटचा कण हवा, यांतून निवड करावी लागते. अशीच निवड निकॉनने झेड-९ मध्ये केली आहे. ४५.७ मेगापिक्सेल आणि आयएसओ ६४ ते २५,६०० ही त्याची मर्यादा पाहून तो अंधारात दुबळा असल्याचा ग्रह होतो. तो खरा नाही. निकॉनने या वेळी छापील आकडा आवरता ठेवला आहे, एवढेच.

आज कोण कुठे?

तिन्ही कंपन्यांची आजची स्थिती थोडक्यात अशी मांडता येईल.

*कॅनन* : आर-३ आणि आर-१ हे २४ मेगापिक्सेलचे, क्रीडा आणि वृत्तछायाचित्रणासाठी रचलेले कॅमेरे, नियमित आयएसओ १,०२,४०० पर्यंत. मध्यम किमतीत आर-६ मार्क २ हा रात्रीच्या कामासाठी भक्कम पर्याय. अंधारातील फोकस उत्तम. फुलफ्रेम आरएफ माउंटसाठी इतर कंपन्यांच्या ऑटोफोकस लेन्स मात्र सहजासहजी मिळत नाहीत, म्हणून रुंद अॅपर्चरच्या लेन्सची निवड महाग पडू शकते.

*निकॉन* : झेड-९ आणि त्याचा लहान भाऊ झेड-८ हे सर्वगुणी कॅमेरे. झेड-६ ३ मध्ये २४.५ मेगापिक्सेलचा अंशतः स्तररचित सेन्सर आहे. आयएसओ ६४,००० पर्यंत. झेड माउंटचे तोंड ५५ मिलीमीटर रुंद असल्याने मोठ्या अॅपर्चरच्या लेन्स रचणे सोपे जाते. जुन्या एफ माउंटच्या लेन्स अडॅप्टरने वापरता येतात. अर्थात ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही त्यांचा ऑटोफोकस मिळत नाही.

*सोनी* : चित्रफितीसाठी ए-७एस ३ आजही अंधारातील मापदंड. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०२० साली आपल्या छायाचित्रकारांसाठी सोनीची निवड केली, तेव्हा व्यावसायिक क्षेत्रातील तिच्या स्थानावर शिक्कामोर्तब झाले. ई माउंटसाठी सिग्मा, टॅमरॉन यांसारख्या कंपन्यांच्या लेन्स विपुल आहेत, आणि एफ/१.४ किंवा एफ/१.८ ची स्वस्त लेन्स मिळवणे येथे सर्वांत सोपे आहे.

समान पिढीच्या, समान आकाराच्या सेन्सरची रॉ फाइल समान मापात आणून पाहिली, तर या तिघांतील अंतर बहुतेक वेळा अर्ध्या स्टॉपच्या आतच राहते.

खर्च नेमका कशावर करावा?

समजा, काल्याच्या रंगमंचावर १/१२५ सेकंदाचा शटर ठेवून एफ/२.८ ला आयएसओ ३२०० लागतो. तेथेच किट-लेन्सच्या लांब टोकाला एफ/५.६ मिळत असेल तर आयएसओ १२,८०० लागेल. एफ/१.८ ची साधी स्थिर लेन्स लावली तर सुमारे १३०० पुरेल. म्हणजे किट-लेन्स आणि एफ/१.८ यांत सव्वातीन स्टॉपचे अंतर आहे. कॅननची २४-१०५ ही स्वस्त झूम तर लांब टोकाला एफ/७.१ पर्यंत मंदावते. तेथे हे अंतर जवळपास चार स्टॉपचे होते. कंपनी बदलून मिळणाऱ्या अर्ध्या स्टॉपशी याची तुलना केली की पैसे कोठे घालावेत हे सांगायला नको.

रुंद अॅपर्चरला त्याची मर्यादाही आहे. एफ/१.८ वर फोकसची खोली फार कमी असते. पात्राचा मुकुट स्पष्ट आला तर मागचा झांजवाला धूसर राहतो. समूहाचे चित्र हवे असेल तर आयएसओ वाढवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तेथे मोठ्या, नव्या सेन्सरची किंमत वसूल होते. कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाबाबतही गैरसमज टाळावा. ते हाताचा कंप सावरते. नाचणाऱ्या पायांची गती ते थांबवू शकत नाही. देवळाच्या रिकाम्या सभामंडपासाठी ते उत्तम, रोमटामेळासाठी निरुपयोगी.

म्हणून अग्रक्रम असा असावा: प्रथम एक एफ/१.८ किंवा एफ/१.४ लेन्स, नंतर फुलफ्रेम सेन्सर, त्यानंतर वेगवान वाचन आणि अंधारातील फोकस, कंपनीचे नाव सर्वांत शेवटी. ज्याच्याकडे एखाद्या कंपनीच्या चांगल्या लेन्स आधीपासून आहेत, त्याने केवळ नॉइजच्या कारणासाठी घर बदलू नये. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी लेन्सच्या किमतींची यादी करावी, मग त्या माउंटचा कॅमेरा निवडावा.

संगणकाची सफाई आणि बातमीचे सत्य

अलीकडे या स्पर्धेत तिसराच घटक आला आहे. एप्रिल २०२३ मध्ये अडोबीने लाइटरूममध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी नॉइज काढण्याची सोय दिली. डीएक्सओसारख्या इतर कंपन्यांची तशी साधने त्याआधीपासून होती. यांमुळे मिळणारा लाभ अनेकदा एका स्टॉपहून अधिक असतो, म्हणजे कंपन्यांमधील फरकापेक्षा मोठा. दहा वर्षांपूर्वीची रॉ फाइल आज पुन्हा उघडली तर ती नव्या कॅमेऱ्यातून आल्यासारखी वाटू शकते.

पण जिथे पुरेसे कण आलेच नाहीत, तिथे ही साधने अंदाजाने तपशील भरतात. निखाऱ्यांच्या उजेडातील चेहऱ्यावरची सुरकुती किंवा डोळ्यातील भाव जर यंत्राने रचला असेल, तर ते चित्र कोणाचे? घरच्या अल्बमसाठी हा प्रश्न गौण असेल. बातमीसाठी आणि लोकपरंपरेच्या नोंदीसाठी तो कळीचा आहे. वर्ल्ड प्रेस फोटोसारखी स्पर्धा अंतिम टप्प्यात कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल तपासते, ती याचसाठी. मूळ रॉ फाइल जपून ठेवणे आणि सफाई मर्यादित ठेवणे, ही शिस्त प्रत्येक वृत्तछायाचित्रकाराने पाळायला हवी. थोडी खडी असलेले खरे चित्र, गुळगुळीत पण बनावट चित्रापेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

स्वतः पारखून घ्या

खरेदीपूर्वी दुकानातील लखलखाटात कॅमेरा पाहून निर्णय घेऊ नये. शक्य असेल तर एका रात्रीसाठी तो भाड्याने घ्यावा. खोलीत एकच समई किंवा मेणबत्ती लावून, शेजारी माणूस बसवून, एकाच अॅपर्चरवर, उजळपणा सारखा राहील असा शटर बदलत, ३२००, ६४००, १२,८०० आणि २५,६०० अशी चार चित्रे रॉमध्ये घ्यावीत. ती आपल्या नेहमीच्या वापराच्या आकारात, छापून किंवा पडद्यावर, पाहावीत. केसांचा पोत आणि सावलीतील रंग ज्या आयएसओपर्यंत टिकतात, तीच त्या कॅमेऱ्याची आपल्यासाठीची मर्यादा. त्याच अंधारात दहा वेळा फोकस लावून किती वेळा तो अचूक लागतो, हेही मोजावे.

ही अर्ध्या तासाची चाचणी कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक सांगून जाईल. २००७ साली डी-३ हाती घेणाऱ्याला आयएसओ ६४०० हे नवल वाटले होते. आज तो मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यालाही सहज साधतो. तंत्राची ही देणगी तिन्ही कंपन्यांनी एकमेकींशी झुंजत आपल्या हाती दिली आहे. दिवजाच्या उजेडातला चेहरा टिपण्यासाठी आता तिघींपैकी कोणाचाही कॅमेरा पुरेसा आहे. उजेड कोठून येतो आहे हे ओळखून योग्य क्षणाची वाट पाहणे मात्र छायाचित्रकारालाच करावे लागते.